वेसनॉथमध्ये आपल्यापेक्षा भारी खेळाडूला कसं गाठायचं : नवख्यांसाठी पायरी पायरीने

बॅटल फॉर वेसनॉथ ऑनलाइन खेळायला लागलो तेव्हा पहिले दीड महिने मी एकही मॅच जिंकलो नव्हतो, आणि हे लाजून नाही सांगत, कारण बहुतेकांचं असंच होतं. कॉम्प्युटरला आपण आरामात हरवलेलं असतं, कॅम्पेन (एकट्याने खेळायची कथा) संपवलेली असते, वाटतं आपल्याला गेम येतो, मग लॉबीत (ऑनलाइन खेळाडू जमतात तिथे) जाऊन कुणातरी पाच वर्षं खेळणाऱ्यासमोर बसलो की दहाव्या टर्नपर्यंत पानिपत.

एकदा असाच एकाच्या हातून मार खात होतो, माझे सगळे भालेवाले माळरानावर उभे, त्याचे ऑर्क अंगावर, आणि त्याने मध्येच चॅटमध्ये लिहिलं, "रात्र झालीय, घरी जा." मला वाटलं टोमणा मारतोय, झोपायला सांगतोय (आपल्याकडे खरंच एक वाजला होता). दुसऱ्या दिवशी रिप्ले बघताना कळलं की तो मला गेममधली रात्र सांगत होता. हा लेख त्या एका वाक्यावरच आहे. समोरचा आपल्यापेक्षा भारी असतो तो हात जलद चालतो म्हणून नाही, तो कधी लढायचं आणि कुठे लढायचं हे ठरवतो आणि आपण त्याच्या वेळेला त्याच्या जागेवर जाऊन उभे राहतो.

ज्यांना गेमच माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. वेसनॉथ हा टर्न-बेस्ड फँटसी गेम आहे, २००३ मध्ये डेव्हिड व्हाइटने सुरू केला, ओपन सोर्स आणि फुकट. षटकोनी खाने म्हणजे हेक्स, त्यावर युनिट म्हणजे आपले सैनिक, प्रत्येकाचा एक लीडर, लीडर मेला की खेळ खलास. मुख्य फॅक्शन सहा : लॉयलिस्ट (माणसं), रिबेल (एल्फ वगैरे), नॉर्दर्नर (ऑर्क, ट्रोल), अनडेड (भुतंखेतं), नॅल्गन (बुटके ड्वॉर्फ आणि चोर-दरोडेखोर) आणि ड्रेक. नंतर ड्यूनफोकही आले, पण सुरुवातीला सहाच डोक्यात ठेवा, तेवढेच पुष्कळ होतात.

बसण्याआधी काय काय लागेल

लॅपटॉप कुठलाही चालतो, माझा जुना होता, ग्राफिक्स कार्ड वगैरे काही नाही, तरी मस्त चालला. गेमचं स्टेबल व्हर्जनच घ्या (१.१८ ही सिरीज मार्च २०२४ मध्ये आली), कारण व्हर्जन जुळलं नाही तर बाकीचे तुम्हाला दिसतच नाहीत आणि तुम्ही तासभर "लॉबी रिकामी का आहे" म्हणून बसता, मी बसलोय. एक टोपणनाव, आणि ते रजिस्टर करून पासवर्ड लावलेलं बरं, नाहीतर दुसरा कुणीही तेच नाव घेऊन बसू शकतो. टचपॅडवर खेळू नका, माउस घ्या, चुकीच्या हेक्सवर क्लिक झालं आणि हल्ला लागला की तो परत घेता येत नाही. एक वही, हो खरीच वही. आणि वेळ : वन-ऑन-वन मॅचला दीड ते दोन तास सहज जातात, अर्ध्यात उठून गेलात तर समोरचा चिडतो आणि बरोबरच चिडतो. युरोपातले पुष्कळ लोक संध्याकाळी खेळायला बसतात, त्यांचे आठ म्हणजे आपले उन्हाळ्यात साडेअकरा आणि थंडीत साडेबारा, त्यामुळे घरचे झोपल्यावरच खेळ रंगतो हे आधीच घरी सांगून ठेवा.

१. आधी घड्याळ पाठ करा

गेममध्ये सहा टर्नचं चक्र आहे : पहाट, सकाळ, दुपार, सांज, रात्रीचा पहिला प्रहर, दुसरा प्रहर. मग परत पहाट. लॉफुल युनिट (माणसं, ड्रेक) सकाळ-दुपार २५ टक्के जास्त मारतात आणि रात्री २५ टक्के कमी. केऑटिक (ऑर्क, अनडेड, चोर) बरोब्बर उलटे. एल्फ आणि ड्वॉर्फ न्यूट्रल, त्यांना दिवसरात्र सारखीच. पहाट आणि सांज कुणाचीच नाही.

हे सगळ्यांनी ट्यूटोरियलमध्ये वाचलेलं असतं. २५ टक्के ऐकून वाटतं ठीक आहे, थोडाफार फरक. थोडाफार नाहीये, हिशोब करून दाखवतो.

ऑर्कचा ग्रंट, म्हणजे त्यांचा साधा लढवय्या घ्या, ९-२, म्हणजे ९ चे दोन वार. रात्री ते ११ चे होतात, दिवसा ७ चे. समोर आपला स्पिअरमन म्हणजे भालेवाला, तब्येत ३६ (एवढा मार खाल्ला की मेला), गवतावर उभा, गवतावर माणसाला ४० टक्के बचाव म्हणजे प्रत्येक वार लागायची शक्यता ६० टक्के. तीन ग्रंट येऊन भिडले, एकूण सहा वार. रात्री चार वार लागले की ४४, स्पिअरमन गेला, आणि सहापैकी चार किंवा जास्त लागायची शक्यता ५४ टक्के. म्हणजे छापा-काटा. आता तेच तीन ग्रंट, तेच गवत, फक्त दुपार. पाच वार लागले तरी ३५ होतात, स्पिअरमन एका पॉइंटवर जिवंत! सहाच्या सहा लागायला हवेत, आणि ती शक्यता ५ टक्क्यांहून कमी आहे.

परत वाचा. ५४ आणि ५. युनिट तेच, जागा तीच, पैसे तेवढेच.

शिवाय आपला स्पिअरमन उलट मारतो तो दिवसा ९-३ आणि रात्री ५-३. त्यामुळे पहिली सवय ही लावा की टर्न सुरू झाला की आधी कोपऱ्यातलं सूर्य-चंद्राचं चित्र बघायचं, मगच युनिटला हात लावायचा. मी वहीत प्रत्येक मॅचला १ ते २४ टर्न लिहून पुढे स / दु / सां / रा लिहून ठेवायचो. बालिश वाटेल पण दहा मॅचनंतर आपोआप डोक्यात बसतं.

इथे एक सापळा आहे. मॅच पहाटेपासूनच सुरू होईल असं नाही, रँडम स्टार्ट टाइम चालू असेल तर कुठूनही सुरू होते, त्यामुळे पहिल्याच टर्नला तपासा. आणि तुम्ही पहिले खेळताय की दुसरे तेही बघा, कारण एका टर्नमध्ये दोघंही त्याच वेळेत खेळतात, म्हणजे पहिला खेळणाऱ्याच्या हातात सकाळही आधी येते आणि रात्रही.

२. पायाखालची जमीन बघा

गावात आणि किल्ल्यात माणसाला ६० टक्के बचाव, डोंगरावर ६०, टेकडीवर आणि जंगलात ५०, गवतावर ४०, वाळूत ३०, उथळ पाण्यात फक्त २०. वरचाच हिशोब गावात बसलेल्या स्पिअरमनवर लावा : रात्री, तीन ग्रंट, सहा वार, मरायची शक्यता ५४ वरून १८ टक्के.

पण हे झालं अर्धं. नवखे स्वतः कुठे उभे राहायचं एवढंच बघतात, भारी खेळाडू हे बघतो की मला मारायला येणारा कुठे उभा राहील. हल्ला करणाऱ्याला शेजारच्या हेक्सवर यावंच लागतं ना, मग ते शेजारचे हेक्स पाण्यातले असतील तर? रात्री तो येतो, मारतो, आणि पाण्यात उभा राहतो. पहाटेही तो हावरटासारखा तिथेच थांबला तर सकाळी आपले दोन ताजे स्पिअरमन त्याच्यावर सोडा. ग्रंटची तब्येत ३८, आपले वार ९ चे, सहापैकी पाच लागायला हवेत : तो पाण्यात असेल तर शक्यता ६६ टक्के, गवतावर असता तर २३, आणि डोंगरावर चढून बसला असता तर ४. म्हणून नदीच्या आपल्या काठावरचं गाव हे सोन्याचं असतं. आणि म्हणूनच, घाईघाईत नदी ओलांडायची नाही, आधी इकडच्या काठावर सगळे गोळा होऊ द्या, मग वेळ बघून एकदम उतरा. मी तीन-तीनचे जथ्थे करून नदीत उतरवायचो आणि तीन-तीनच्या जथ्थ्यानेच मारून घ्यायचो.

३. रांग लावायला शिका

प्रत्येक युनिटची एक लेव्हल म्हणजे पायरी असते. लेव्हल एक आणि वरच्या प्रत्येक युनिटभोवतीच्या सहा हेक्सवर त्याचा ताबा असतो, शत्रू त्यात शिरला की तिथेच अडकतो, त्या टर्नला पुढे सरकत नाही. याचा अर्थ दोन युनिटमध्ये दोन हेक्स मोकळे ठेवले तरी मधून कुणी एका टर्नमध्ये आरपार जाऊ शकत नाही. भिंत बांधायला खांद्याला खांदा लावायची गरज नाही, अंतर ठेवून तीन-चार युनिटमध्ये अख्खं मैदान अडतं. (लेव्हल शून्यवाल्यांचा ताबा नसतो, त्यामुळे गॉब्लिन किंवा वॉकिंग कॉर्प्स ठेवून अडवाअडवी करायला गेलात तर समोरचा हसत हसत बाजूने निघून जाईल. आणि स्कर्मिशरवाले, उदा. फेन्सर, कुणालाच जुमानत नाहीत.)

पण खरी मारामारी होणार असेल तेव्हा खांद्याला खांदा लावावाच लागतो, आणि तिथे एक बारीक गोष्ट आहे जी मला कुणीच सांगितली नव्हती. हेक्सच्या रेषेत सरळ रांग लावली तर प्रत्येक युनिटवर समोरून दोनच जण चढू शकतात. आडवी, नागमोडी रांग लागली, एक पुढे एक मागे एक पुढे, तर पुढच्यावर तिघं चढतात आणि मागच्यावर एकच. पटावर बोट ठेवून मोजून बघा.

दोन आणि तीन यात काय मोठंसं, असं वाटत असेल तर परत तोच स्पिअरमन : रात्री गवतावर तीन ग्रंट म्हणजे ५४ टक्के, दोनच ग्रंट चढू शकत असतील तर चारच्या चार वार लागायला हवेत, १३ टक्के. तोच गावात असेल आणि दोनच चढत असतील तर अडीच टक्के. आता कळलं ना भारी खेळाडूची युनिटं मरत का नाहीत? आपण "लक खराब" म्हणत बसतो.

नागमोडी रांगेचा उपयोगही करता येतो : पुढच्या टोकावर दणकट किंवा गावात बसलेला, मागच्या खोबणीत मेज (जादूगार) किंवा हिलर (जखमा भरणारा), ज्याच्यावर एकाच बाजूने येता येतं. जखमी युनिटही तिथेच. हलवायच्या आधी कंट्रोल-व्ही दाबून शत्रू कुठपर्यंत पोहोचू शकतो ते बघत जा, फुकट मिळतंय, लोक वापरत नाहीत.

४. गावं म्हणजे पगार

नेहमीच्या सेटिंगला दर टर्नला २ सोनं असंच मिळतं आणि प्रत्येक गावामागे २. युनिट पोसायलाही खर्च आहे, जेवढी लेव्हल तेवढं सोनं, पण प्रत्येक गाव एक लेव्हल फुकट पोसतं. आठ गावं आणि लेव्हल एकचे आठ युनिट असतील तर टर्नला १८ हातात, म्हणजे एक स्पिअरमन (१४) आणि वर चार शिल्लक. युनिट दहा झाले की दोन कापले जातात.

यातून दोन गोष्टी निघतात. समोरच्याचं एक गाव पळवलं की तुम्हाला २ वाढतात आणि त्याचे २ जातात, दोघांमधला फरक चार, पोसण्याचा खर्च धरला तर सहापर्यंतही. आणि दुसरं, पहिल्या टर्नलाच कुठलं युनिट कुठल्या गावाला जाणार हे ठरवून त्या बाजूच्या किल्ल्याच्या हेक्सवर भरती करा, म्हणजे सोनं देऊन युनिट घ्या. नवखा सगळी भरती करतो आणि मग बघतो कोण कुठे जातं, त्यात एखाद्या गावाला दोन टर्न उशीर होतो. द फ्रीलँड्ससारखा एकच नकाशा घेऊन वहीत एकदा हे काढून ठेवा आणि सुरुवातीच्या वीस मॅच तोच नकाशा खेळा. दर वेळी नवा नकाशा घेणं म्हणजे दर वेळी नवीन शहरात रिक्षा चालवणं.

५. भरती : आवडतं ते नाही, लागतं ते

समोरच्याने रँडम फॅक्शन घेतलं असेल आणि फॉग (धुकं, लांबचं दिसत नाही) चालू असेल तर पहिल्या टर्नला तुम्हाला काहीच माहीत नसतं, तेव्हा मिसळ करा : दोन-तीन साधे लढवय्ये, एक मेज किंवा हिलर, एक वेगवान स्काउट. स्काउटवर पैसे घालवायला जिवावर येतं पण तोच सांगतो समोर कोण आहे. नंतर मात्र बघून भरती. अनडेड निघाले तर भालेवाले घेऊ नका, स्केलेटनला टोचून काही होत नाही, ६० टक्के गिळतो तो, तलवारीचेही ४०. त्याला सोट्याने हाणायचं किंवा जाळायचं, म्हणजे हेवी इन्फन्ट्री आणि मेज. ड्रेक निघाले तर मात्र भालेवालेच घ्या, तेवढे मोठे उडते देह, बचाव कमी आणि टोचलेलं सोसत नाही.

गावात ठाण मांडून बसलेल्याला काढायचं असेल तर मेज. त्याची जादू समोरचा कुठेही असो ७० टक्के लागते, गाव-डोंगर बघत नाही. २० सोनं आहे आणि तब्येत २४ फक्त, मारून झाल्यावर उघड्यावर राहिला तर गेलाच, म्हणून त्याला शेवटी पुढे काढायचं, बाकीच्यांनी जागा अडवल्यावर.

अजून एक फुकटचा मेवा : ग्रंटकडे लांबून मारायचं हत्यारच नाही. स्पिअरमनकडे एक फेकायचा भाला आहे, बोमनकडे बाण. लांबून मारलं की तो उलट काहीच करू शकत नाही. हल्ल्याच्या खिडकीत डॅमेज कॅल्क्युलेशनचं बटण आहे, प्रत्येक वेळी दाबा, निदान पहिले तीन महिने.

६. रात्र झाली की घरी जा

आता मुख्य मुद्दा, ज्यासाठी एवढं लिहिलं. गनिमी कावा आपण शाळेत चौथीपासून वाचतो, परीक्षेत टिपा लिहितो, आणि खेळायला बसलो की मागे हटायला जीव जातो. मला तर अक्षरशः अपमान वाटायचा. समोरचा येतोय आणि मी तीन हेक्स मागे?

समजा तुम्ही लॉयलिस्ट आहात, समोर नॉर्दर्नर. टर्न सांजेचा आहे. दोन्ही सैन्यं मैदानात समोरासमोर. तुम्हाला दुपारी थोडी सरशी मिळालीय, एक ग्रंट जखमी आहे, मारावासा वाटतोय. इथेच थांबा. पुढचे दोन टर्न रात्रीचे आहेत, तुमचा प्रत्येक भाला पाऊण होणार आणि त्याचा प्रत्येक ग्रंट सव्वापट. असं करा :

जखमी युनिट सगळ्यात आधी मागच्या गावात पाठवा, तिथे टर्नला ८ भरतात. दणकट दोघं-तिघं पुढच्या गावात किंवा टेकडीवर, तेही अशा ठिकाणी की दोघंच चढू शकतील. बाकीचे त्यांच्या मागे, शत्रूच्या एका टर्नच्या पल्ल्याबाहेर. पुढचं एखादं गाव सोडावं लागलं तर सोडा. रात्रीचे दोन टर्न ते त्याच्याकडे राहिलं तर आठ सोन्याचा फरक पडतो. एक स्पिअरमन १४ चा आहे. गावासाठी स्पिअरमन घालवणं म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

मग रात्री तो काय करणार? दोनच रस्ते. एक, तो पुढे येऊन खराब जागेवरून हल्ला करेल, पाण्यातून, गवतावरून, एकेकावर दोघं. दुसरा, तो येणारच नाही, आणि मग त्याची रात्र फुकट गेली, आणि तोवर तुमचे जखमी भरून आले. दोन्ही तुम्हाला परवडतात. पण हे सगळं सांजेच्याच टर्नला करायचं असतं, पहिल्या प्रहराला मागे फिरलात तर तो चिकटलेला असतो, ताब्यात अडकून एकेक हेक्सच सरकता येतं आणि पाठीवर मार बसतो. उशिरा हटणं हे न हटण्यापेक्षा वाईट.

आणि किती मागे हटायचं? एवढंच की त्याला एक टर्न चालावं लागेल. लीडरच्या पायापर्यंत पळत आलात तर त्याला सगळी गावं मिळतात आणि तुम्ही किल्ल्यात कोंडलेले, हेही मी करून बसलोय, एका टोकावरून दुसऱ्या टोकाला.

तुम्ही स्वतः ऑर्क किंवा अनडेड असाल तर हेच सगळं उलटं वाचा, पहाट झाली की घरी.

७. पहाटे दात दाखवा

मागे हटून नुसतं बसलात तर उपयोग नाही. बहुतेक चांगल्या खेळाडूंचीही एक खोड असते, रात्री जिंकत असताना त्यांना "अजून एक मारतो" होतं आणि पहाटेच्या टर्नलाही ते पुढेच राहतात. तो क्षण तुमचा. पहाटे तुमचे वार पूर्ण आहेत, पुढचे दोन टर्न सव्वापट, त्याचे जखमी पुढे आणि त्याची गावं मागे, लांब. इथे राखून ठेवलेले सगळे बाहेर काढा.

फक्त एक शिस्त : मार वाटून देऊ नका. चार ग्रंटना थोडं थोडं लागलं तर चौघेही उलट मारतात. एकाला धरा, मारून टाका, मग दुसरा. आणि शेवटचा वार कुणाकडून मारायचा तेही ठरवा, लेव्हल एकच्याला मारलं की ८ अनुभव मिळतो, नुसतं लढून १, त्यामुळे जो लेव्हल वाढायच्या जवळ आहे त्याला घास द्या, लेव्हल वाढली की तब्येत पूर्ण भरते. याचा व्यत्यासही खराच, त्याचं एखादं युनिट लेव्हलच्या उंबरठ्यावर असेल तर आपलं मरायला टेकलेलं युनिट त्याच्या तोंडासमोर ठेवू नका.

दुपारच्या शेवटी परत सांज येणार आहे. बाजारात गर्दी व्हायच्या आधी निघावं तसं निघा.

८. मागच्या दाराने एक जण

घोडेस्वार, लांडग्यावरचा, ग्रिफिन, जे तुमच्याकडे असेल ते एकच युनिट कडेकडेने त्याच्या मागे पाठवा. काम लढायचं नाही. गाव घ्यायचं, पुढच्या टर्नला दुसरं. तो दुर्लक्ष करेल तर त्याचा पगार कापला जातो, दोन युनिट मागे पाठवेल तर आघाडीवर तुमच्यासमोर दोन कमी. आपल्यापेक्षा भारी माणसाला हैराण करायचा हा सगळ्यात स्वस्त रस्ता, कारण त्याचं लक्ष वाटलं जातं आणि टायमर चालूच असतो. पण मोह आवरा, त्या एकट्याने लीडरवर हल्ला करायचा नाही. माझा घोडेस्वार सात वेळा तरी असा हुतात्मा झालाय.

९. नशिबाचं काय

लागेल. चारपैकी चार चुकतील. स्टॅटिस्टिक्सच्या खिडकीत तुम्ही केलेलं नुकसान आणि हिशोबाने अपेक्षित नुकसान शेजारी शेजारी दिसतं, हरल्यावर ते उघडून बघा. मी चाळीसेक मॅचची नोंद ठेवली होती, त्यात खरंच नशिबाने हरलेल्या चार-पाच निघाल्या, बाकी सगळ्या माझ्या. हल्ल्याआधी एकच विचारा : हे फसलं तर माझं युनिट कुठल्या हेक्सवर उघडं पडेल? उत्तर आवडलं नाही तर तो हल्ला नकोच. आणि पक्के हल्ले आधी, जुगार शेवटी.

१०. टू-ऑन-टू आणि फुकटच्या भांडणांत

चौघांत बसलात (इसार्स क्रॉसवर नवखे पुष्कळ सापडतात, छोटा नकाशा, लगेच हाणामारी) तर साथीदाराशी दिवसरात्रीचं आधी बोला. तुम्ही ड्रेक आणि तो अनडेड असेल तर दिवसा तुम्ही पुढे तो मागे, रात्री उलटं, ही जोडी पहिल्या दर्जाची असते. दोघंही लॉफुल असाल तर रात्री दोघांनीही दारं लावून बसायचं.

प्रत्येक जण स्वतंत्र असेल अशा मॅचमध्ये मात्र सगळ्यात ताकदवान दिसू नका. पहिली लढाई ज्या दोघांत होते ते दोघंही संपतात, तुम्ही गावं घेत बसा, चॅटमध्ये कमी बोला.

११. हरल्यावरची दहा मिनिटं

मॅच संपली की जीजी (गुड गेम) लिहा, रिप्ले सेव्ह करा, आणि त्याला विचारा की कुठे चुकलो. पाचातले तीन जण सांगतात, आणि नीट सांगतात. मग रिप्ले लावा, पण अख्खा बघू नका, कंटाळा येतो. फक्त सांजेचे टर्न बघा, बहुतेक टर्न ४, १०, १६. प्रत्येक ठिकाणी थांबवून तीन गोष्टी वहीत : माझी किती युनिटं गवतावर होती, किती जणांवर तिघं चढू शकत होते, जखमी कुठे होता. माझ्या पहिल्या रिप्लेत टर्न १० ला नऊपैकी सात गवतावर होती. आता दोन-तीन असतात, आणि तो रात्र-झालीय-घरी-जा वाला अजूनही मला पाचातल्या तीन मॅच हरवतो.